शेहेचाळिशीत मुस्तफा खेळणारं आणखी कुणी आहे का?

प्रश्न: पोरं झोपली की लॅपटॉपवर 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा जुना व्हिडिओ गेम लावतो. कॅपकॉमचा, १९९३चा. गेम पार्लरमध्ये हे नाव कुणाला ठाऊक होतं म्हणा, सगळे त्यातल्या हिरोच्या नावानं 'मुस्तफा'च म्हणायचे! बायको म्हणते, "अहो, वय काय तुमचं?"

उत्तर १: मी 'कॉन्ट्रा' गेमवाला. त्यातला चीट कोड अजून पाठ: वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. अंगठा आपोआप फिरतो, ३० जीव हजर. गाडीची चावी मात्र रोज शोधतो.

उत्तर २: कीबोर्डवर कसली मजा? यूएसबी जॉयस्टिक घ्या राव. मनगट दुखेल, ते वेगळं.

प्रश्नकर्ता: घेतली, दोन. आता धाकटी मुलगीही खेळते, गेममधली हॅना निवडते आणि सगळ्या बंदुका आधी तीच उचलते.