वृत्तपत्रांनी 'आपल्याला' घडवलं, म्हणजे नेमकं कोणाला?

रामकुंड_सकाळ: काल सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, तासभर बसलो. वाचनालय 1840 चं. 1832 ला मुंबईत निघालेलं 'दर्पण' हे पहिलं मराठी वृत्तपत्र त्याच साली मिटलं, आणि इकडे नाशकात वाचनाची सोय होत होती! माझं मत असं की आजचा महाराष्ट्र छापखान्यातून निघालाय. समाजसुधारणेवरची लोकहितवादींची शतपत्रं 'प्रभाकर' साप्ताहिकात आली. आगरकरांचं 'केसरी'शी जमेना, त्यांनी 1888 ला 'सुधारक' काढलं. 1909 ला 'मनोरंजन'चा दिवाळी अंक आला आणि चकलीच्या तेलकट बोटांनी पानं उलटायची सवय लागली. वाद घालायला आपण इथेच शिकलो.

शालिमार_स्टॉप: यादी छान आहे, पण सत्यशोधक चळवळीचं 1877 चं 'दीनबंधु' कुठंय? 'सुधारक'च्या अकरा वर्षं आधीचं आहे ते. आणि 1920 ला बाबासाहेब आंबेडकरांचं 'मूकनायक' निघालं तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'नं त्याची जाहिरात छापली नाही. बाबासाहेबांनीच लिहून ठेवलंय हे.

रामकुंड_सकाळ: 'दीनबंधु' राहिलं, चूक कबूल. पण जाहिरात नाकारली त्याला उत्तर काय दिलं? पत्रच ना! 1927 ला पुन्हा 'बहिष्कृत भारत'. म्हणजे मुद्दा माझाच.

शालिमार_स्टॉप: वा रे मुद्दा! दार लावणारा आणि दुसरं दार पाडून आत येणारा, दोघांना एकच हार? 'मूकनायक'ला शाहू महाराजांनी 2500 रुपये दिले. 'बहिष्कृत भारत'चे रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे लिहीत. पैशाअभावी तेही थांबलं. तीन वर्षांत, 2 मार्च 1930 ला, आपल्याच गावात मंदिरप्रवेशासाठी काळारामाच्या दाराशी माणसं बसली होती. छापून झालं नाही म्हणून बसावं लागलं.

निफाडचा_द्राक्षवाला: तुम्ही दोघं विकत घेणारेच मोजताय. आमचे आजोबा पारावर 'गांवकरी' मोठ्यानं वाचायचे. अंक एक, ऐकणारे वीस. अक्षरओळख नसलेल्यालाही दिल्लीत काय चाललंय ते कळायचं. (शेवटी भाव वाचायचे. तोवर कोणी हलायचं नाही.)

रामकुंड_सकाळ: हेच म्हणत होतो मी.

शालिमार_स्टॉप: पारावर कोण कोण बसायचं, तेवढं विचारा की आजोबांना.

निफाडचा_द्राक्षवाला: आजोबा गेले. आजीला आत्ताच फोन केला. म्हणाली, बसायचे आपलेच. बाकीचे खाली उभं राहून ऐकायचे.