धोटा, बॅडमिंटनचं फूल आणि बस, तिन्ही शटल कसे?

साखरपेठकर:
रविवारी माळ्यावरून आजोबांचा, कापड विणायच्या मागावरचा धोटा काढला. सातवीतल्या लेकीला म्हटलं, याला इंग्रजीत शटल म्हणतात. ती म्हणाली, "शटल तर बॅडमिंटनचं फूल! आणि शटल बस?" मला उत्तर देता आलं नाही. शब्द एकच आहे का?

मागवाला:
एकच आहे. माझी एकतीस वर्षं मागावर गेली, म्हणून या शब्दाचा मीही पिच्छा पुरवला होता.

जुन्या इंग्रजीत याचा मूळ अर्थ बाण, फेकून मारायचं हत्यार. 'शूट' त्याचा सख्खा भाऊ. 'शट' म्हणजे दार लावणं, तोही त्याच घरातला. अडसर सरकवण्यावरून आलेला. पुढे उभ्या धाग्यांमधून आडवा धागा घेऊन धावणाऱ्या धोट्याला हे नाव पडलं.

तुमचा धोटा हातात घेऊन बघा. दोन्ही टोकांना लोखंडी अणकुची, मधे धागा गुंडाळलेल्या कांडीची खाच, बाजूला बारीक भोक. कांडी बदलली की वडील त्या भोकाला तोंड लावून धागा ओढून घ्यायचे. ओठाला सूत चिकटलेलंच असायचं. एकदा धोटा मागातून उडाला आणि त्यांच्या भुवईवर बसला. तीन टाके पडले. बाण हे नाव मला तेव्हाच पटलं असतं.

बाकीचे अर्थ धोट्याच्या येरझारांचे. फूल इकडून तिकडे जातं म्हणून शटल. पुढचं 'कॉक' कोंबड्याच्या पिसांवरून. मग जवळच्या जवळ फेऱ्या मारणारी रेल्वे, बस. १९८१ मध्ये अमेरिकेचं कोलंबिया यान अंतराळात जाऊन परत आलं, तेही स्पेस शटलच.

पद्मशाली_घर:
आमच्याकडे तेलुगूत धोट्याला 'नाडे' म्हणतात. लेकीला इंग्रज संशोधक जॉन के यांचंही सांगा. पूर्वी धोटा एका हाताने फेकून दुसऱ्याने झेलायचा, रुंद कापडाला दोन माणसं लागायची. १७३३ मध्ये त्यांनी दोरीच्या झटक्याने पळणारा धोटा काढला, मग एकाच माणसाचं काम झालं.

साखरपेठकर:
दोघांचे मनापासून आभार. लेकीने भोकाला तोंड लावून धागा ओढून पाहिला, तिसऱ्या खेपेला आला! आता विचारतेय, नव्या मागात धोटा का नसतो?

मागवाला:
बऱ्याच नव्या मागांत आडवा धागा रेपियर नावाची दांडी नेते. रेपियर म्हणजे मुळात लांब, निमुळती तलवार. तिला सांगा, बाण गेला, तलवार आली.