मैदान आणि संपादकाची खुर्ची

मैदानावर वाढलेला माणूस संपादकाच्या खुर्चीत रमत नाही, हे मत मला पटत नाही. माझे मामा दादरच्या शिवाजी पार्कवर सराव करून कॉलेजच्या खो-खो संघातून खेळले आणि पदवीनंतर देवगडला परतून त्यांनी चारपानी साप्ताहिक चालवले. (१८३२ मध्ये मुंबईत ‘दर्पण’ हे वृत्तपत्र सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर त्याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, याचा मामांना फार अभिमान होता.) छपाईचे खिळे (धातूची सुटी अक्षरे) जुळवून झाले की शाईने काळवंडलेल्या बोटांनी ते प्रुफाची ओळ न् ओळ तपासत आणि पहाटे सुतळीने बांधलेले गठ्ठे स्वतः एस.टी.त चढवत. ऐकीव बातमी न छापता खात्री करायला घाटीतून सायकल रेटत जाण्याचा दमसास त्यांना मैदानानेच दिला होता, असे मला मनापासून वाटते.