मदत हवी आहे: जुन्या प्लॅस्टिक कॅनूची आतली बाजू साफ करून गुडघे टेकण्याजोगी कशी करावी? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

उमरेडकडच्या एका मालगुजारी (जुन्या मालगुजारांनी, म्हणजे जमीनदारांनी बांधलेल्या) तलावावर आम्ही काही जण जलपर्णी काढायचं काम करतो. काठावरून हाताला येते तेवढी निघते, मधली तशीच राहते आणि पुन्हा सगळं पाणी झाकून टाकते. म्हणून एक जुनी कॅनू (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) घेतली. रामटेककडच्या एका कॅम्पवर बरीच वर्षं उघड्यावर पडून होती, जवळपास भंगाराच्या भावात मिळाली. बाहेरून ओरखडे आहेत, ते राहू द्या. माझा प्रश्न आतल्या बाजूचा आहे. जलपर्णी ओढताना बाकावर बसून चालत नाही, वजन खाली राहावं म्हणून तळाला गुडघे टेकूनच काम करावं लागतं. तळ धड नसेल तर माणूस थोड्या वेळात उठतो.

प्लॅस्टिक कुठलं ते आधी पाहून घेतलं. कॅनूच्या काठाची एक बारीक साल काढून पाण्यात टाकली, तर तरंगली. एबीएसची (कॅनूसाठी वापरतात ते दुसरं प्लॅस्टिक) साल बुडते. जाळून पाहिली तर मेणबत्ती विझवल्यावर येतो तसा वास आला. म्हणजे हे पॉलिथिलीन, आपल्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्यांच्याच जातीचं. ॲसिटोनने हे विरघळत नाही, आणि याला रंगही धरत नाही. तो आत दिसतोच आहे: आधी कुणीतरी साधा ऑइलपेंट मारलाय आणि नखाने उचकला तरी त्याचे पापुद्रे निघतात. दुकानदार म्हणतात प्रायमर मारून पुन्हा रंगवा. मला ते अजिबात पटत नाही, तलावात रंगाचे तुकडे सोडायला आम्ही जात नाही आहोत.

शेवाळ, पानांचे काळे डाग, माती हे साबणाचं पाणी आणि नायलॉनच्या ब्रशने बरंचसं गेलं. बोल्टभोवतीच्या गंजाला लिंबूसत्त्वाचं पाणी लावतोय, हळूहळू उतरतंय. बुरशीच्या कोपऱ्यांना पातळ ब्लीच लावायचं आहे, पण ते लिंबूसत्त्व पूर्ण धुऊन झाल्यावर वेगळ्या दिवशी. दोन्ही एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो, घरी कुणी करत असाल तर हे नक्की लक्षात ठेवा.

खरी अडचण डिंकाची आहे. तळाला पूर्वी फोमचे तुकडे चिकटवलेले होते, चपलेला लावतात त्या पिवळ्या सोल्यूशनने. फोम कुजून गेला, सोल्यूशन राहिलं. कुठे ते कडक होऊन तपकिरी पडलंय, कुठे अजून चिकट आहे आणि त्यात वाळू रुतून बसलीय. गुडघ्याला नेमकी तीच टोचते. हीटगन लांबून फिरवून प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडलं की लांबट वळ्या निघतात, पण पॉलिथिलीन साधारण 130 अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे जपून करावं लागतं आणि काम फार सावकाश होतं. खोबरेल तेल रात्रभर लावून ठेवलं तर डिंक मऊ पडतो, मात्र तेलकटपणा मागे राहतो. रॉकेल किंवा टर्पेंटाइन कुणी वापरलंय का? जास्त वेळ राहिलं तर ते प्लॅस्टिकमध्ये मुरून ते फुगवतं, म्हणून मी अजून हात लावलेला नाही.

डिंक नसलेल्या जागी वेगळाच प्रकार आहे. तळावरून हात फिरवला की खडूसारखी पांढरी भुकटी लागते. उन्हाने वरचा थर मेलाय. सँडपेपर मारला तर पॉलिथिलीनला लव सुटते, उलट धारदार पातं उभं धरून ओढलं तर खालचा गुळगुळीत हिरवा भाग दिसतो. हे सगळीकडे करावं की तेवढाच तळ पातळ होईल, म्हणून सोडून द्यावं?

मागच्या बाकाच्या बोल्टपाशी बोटभर लांबीची चीर आहे. टाक्या दुरुस्त करणाऱ्या एका दादांना दाखवली. ते जुन्या टाकीच्या पट्ट्या वितळवून भरतात. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून मग भरायचं, इथवर आमचं जमलं. पण टाकीचं प्लॅस्टिक आणि कॅनूचं प्लॅस्टिक एकमेकांत नीट मिसळेल का? काठाचंच थोडं प्लॅस्टिक कापून तेच भरणीला वापरलं तर? नागपुरात एचडीपीई (घट्ट जातीचं पॉलिथिलीन) पाइपचं वेल्डिंग करणारं कुणी एवढं छोटं काम घेत असेल तर सांगा. हिंगणा, कामठी कुठेही कॅनू घेऊन येतो.

बाकांमधली आडवी पट्टी लाकडी आहे, तिला घासून डबल बॉइल्ड जवसाचं तेल देणार. (तेलाची फडकी गोळा करून ठेवू नका, आपोआप पेटतात. पाण्यात बुडवून मग टाका.)

भर: प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. नवीन मॅट कशाने चिकटवणार, असं विचारलंय. चिकटवायचीच नाही असं ठरतंय. निळ्या ज्योतीचा झोत पृष्ठभागावरून झरझर फिरवला की पॉलिथिलीनला इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा चिकटा) जरा बरं धरतं हे माहीत आहे, पण भुकटी सुटलेल्या जुन्या तळावर ते किती टिकेल याचा भरवसा वाटत नाही. त्याऐवजी जाड ईव्हीए (मऊ फोमची) मॅट कापून सुटी ठेवायची आणि दोन्ही बाकांखालून इलॅस्टिक दोरीने ताणून घ्यायची. काम झालं की काढून उन्हात वाळवता येईल, खाली चिखल साचणार नाही. जोशीकाका, तुम्ही म्हणता तसं मॅटच्या खालच्या बाजूला खाचा पाडून पाहतो. आता डिंक आणि चीर, एवढ्या दोन गोष्टींवर कुणी स्वतः हाताने केलेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. पाऊस लागायच्या आत वेल्डिंग उरकायचं आहे, चिरेचे फोटो उद्या टाकतो.