घोट्याच्या ऑपरेशननंतर आईसाठी कमोड खुर्ची भाड्याने हवी आहे (जुळे सोलापूर)

आईच्या घोट्यात प्लेट-स्क्रू बसवलेत, कालच घरी आणलं. वय ६४, शुगर आहे. पायावर अजिबात भार द्यायचा नाही, पाय छातीपेक्षा उंच ठेवायचा, असं डॉक्टरांनी सांगितलंय. उशांवर सोलापुरी चादरीची जाड घडी ठेवून ते जमतंय. गोळ्या चालू, बोटं हलतात. अडचण संडासाची. घरात भारतीय पद्धतीचाच आहे, त्यालाही पायरी. वॉकरवर एका पायाने जायला ती इतकी घाबरते की पाणीच कमी पिते. या उन्हात ते बघवत नाही. दुकानात पाहिल्या त्या खुर्च्यांना हात टेकायला दांडे नव्हते. दांडे असलेली, उंची कमी-जास्त होणारी खुर्ची दीड-दोन महिन्यांसाठी भाड्याने कुठे मिळेल? आणि रात्री मी एकटीच असते, तर तिला पलंगावरून खुर्चीवर कसं घ्यायचं?