मदत हवी आहे: घरात शहाणी, रस्त्यावर मात्र 'ये' आणि 'सोड' ऐकत नाही

नमस्कार. आमच्याकडे चिमी आहे, देशी कुत्री, वय साधारण दहा महिने. लसीकरण आणि नसबंदी झाली आहे. आम्ही ठाण्यात फ्लॅटमध्ये राहतो. घरात मी, नवरा, सातवीतला मुलगा आणि सासरे.

घरात तिची काहीच तक्रार नाही. चिकनचा तुकडा नाकावरून हळूच डोक्यामागे नेला की मान वर जायची आणि बूड आपोआप टेकायचं, तसं 'बस' शिकली. आता नुसत्या हाताच्या खुणेवर बसते. ताटली पुढ्यात ठेवली तरी 'घे' म्हणेपर्यंत तोंड लावत नाही. लाळ गळत असते, पण नजर माझ्यावर.

गेटबाहेर पडलो की सगळं विसरते. कोपऱ्यावर रात्री चायनीजची गाडी लागते, सकाळी तिथे कोंबडीची हाडं पडलेली असतात. तिने हाड उचललं आणि मी 'सोड' म्हटलं की जबडा आणखी आवळते, हात पुढे केला तर गिळूनच टाकते. शिजवलेल्या हाडांच्या कपच्या होऊन घशात, आतड्यात रुततात, त्यामुळे माझा जीव टांगणीला लागतो. दुसरं म्हणजे सकाळी तिला सासरे नेतात. मांजर किंवा स्कूटर दिसली की ती असा हिसडा मारते की एखाद्या दिवशी ते पडतील.

एका ट्रेनरने गळ्याला आवळणारी साखळी सुचवली. ती मला घालायची नाही. चिमी घाबरून थांबायला नको आहे, समजून थांबायला हवी आहे. 'ये' आणि 'सोड' बाहेर कसं पक्कं करायचं? सासऱ्यांना झेपेल असं काही आहे का? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

ताई, साखळी नाकारलीत ते उत्तम केलंत. चिमी मुद्दाम करत नाहीये. हॉलमध्ये शिकलेलं 'ये' रस्त्यावर कुत्र्याला आपसूक लागू करता येत नाही, प्रत्येक जागी ते नव्याने शिकवावं लागतं. त्यात हे वयही अडनिडं. सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंत आलेलं लक्ष पुन्हा उडतं.

थेट गेटबाहेर जाऊ नका. आधी जिन्याचा पॅसेज, मग दुपारचं रिकामं पार्किंग, मग गेटच्या आत. एका जागी हमखास जमल्यावरच पुढची. हार्नेसला, म्हणजे छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला, सात ते दहा मीटरची साधी दोरी लावा, गळपट्ट्याला नको. 'ये' एकदाच म्हणायचं. आली की लगेच पनीरचा किंवा चिकनचा नखाएवढा तुकडा द्यायचा आणि पुन्हा हुंगायला सोडायचं. हे सोडणं फार महत्त्वाचं. बोलावलं की दरवेळी पट्टा आखडून घरी नेलं, तर 'ये' म्हणजे मजा संपली एवढंच ती शिकेल. रागवायला तर कधीच बोलावू नका.

'सोड' म्हणजे तिच्यासाठी सौदा असायला हवा. आत्ता तुमचा हात पुढे आला की वस्तू जाते, म्हणून ती घाईने गिळते. घरात तिच्या तोंडात जुना दोर असताना नाकाशी चिकन धरा. तोंड उघडताक्षणी 'सोड' म्हणा, चिकन द्या आणि दोरही परत द्या. दोर परत मिळतो हे पटलं की जबडा सैल पडतो. पण हाडासाठी 'सोड' उशिराच ठरतं, तिथे उचलण्याआधीचं 'नको' हवं. मुठीत खाऊ धरा, ती हुंगेल, चाटेल, पंजा मारेल, मूठ उघडू नका. तोंड मागे घेतलं की दुसऱ्या हातातून खाऊ द्या. पुढे तोच खाऊ जमिनीवर, पायाखाली. हे पक्कं होईपर्यंत त्या कोपऱ्यावरून जाऊच नका.

आजोबांसाठी छातीवर कडी असलेला हार्नेस घ्या, ओढलं की ती आपोआप बाजूला वळते. पट्टा ताणला की जागेवर थांबायचं, सैल झाला की चालायचं. पण हे आधी तुम्ही बसवा. तोवर सकाळची फेरी तुमच्याकडे, आजोबांनी घरात 'बस-थांब' घ्यावं, म्हणजे त्यांचंही ऐकायची सवय लागेल. आणि घरातल्या सगळ्यांचे शब्द एकच हवेत. एकाचं 'ये', दुसऱ्याचं 'कम', तिसऱ्याचं 'इकडे' असं नको. खाऊ म्हणून मनुका, द्राक्षं, चॉकलेट, कांदा घातलेलं काही चालणार नाही.

धागाकर्ती

खूप आभार. आमच्याकडे खरंच प्रत्येकाचे शब्द वेगळे आहेत. आज जेवताना एक यादी ठरवतो. एक शंका: तो कोपरा टाळायला दुसरा रस्ताच नाही. मुसकं घातलं तर चालेल का?

प्रतिसाद

चालेल, पण पिंजऱ्यासारखं जाळीचंच घ्या, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं. तोंड घट्ट बांधणारा कापडी पट्टा फिरवताना अजिबात नको, उन्हात कुत्र्याला अंग थंड ठेवता येत नाही. घरी मुसक्याच्या आतून पनीर चोळून पुढे धरा, ती स्वतः नाक घालेल. त्याचा बंद लगेच लावू नका. आनंदाने नाक घालायला लागली की क्षणभर लावा, मग थोडं थोडं वाढवा, आणि बाहेर नंतरच.