मदत हवी आहे: गाजरगवताला 'युबिक्विटस' म्हणता येईल का?

नमस्कार मंडळी,

कॉलेजच्या वार्षिकासाठी गाजरगवतावर (पार्थेनियमवर) इंग्रजीतून लेख लिहिते आहे. भारतात त्याची पहिली नोंद पुण्यात झाली, १९५५च्या सुमारास. आता रस्त्याकडेला, रुळांलगत, पडीक रानात, बांधावर, बघावं तिकडे तेच. एकेक रोप हजारो बिया टाकतं, आणि बी इतकं हलकं की वाऱ्याबरोबर, पाण्याबरोबर, गाड्यांच्या चाकांना चिकटूनही पसरतं. म्हणून 'युबिक्विटस' घ्यावासा वाटतो.

मैत्रीण म्हणते, त्याचा अर्थ सर्वव्यापी. गर्द सावलीच्या जंगलात हे गवत फारसं फोफावत नाही, तेव्हा 'वाइडस्प्रेड' लिही. मला ते मिळमिळीत वाटतं. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की तो पांढरा फुलोरा, पुढे शाळेच्या कुंपणालाही तोच, हा वैताग त्यात उतरत नाही. 'ऑम्निप्रेझंट' चालेल? 'व्हेरी युबिक्विटस' म्हणतात का? आणि उच्चारात जोर कुठे द्यायचा?

प्रतिसाद १:
ताई, बिनधास्त लिहा. इंचन्‌इंच व्यापलेला असावा अशी अट इंग्रजीत कोणी धरत नाही, जाऊ तिथे दिसतं एवढं पुरे. तरी शंका नको असेल तर जागा सांगून टाका: 'युबिक्विटस अलाँग रोडसाइड्स'. 'व्हेरी' नको, 'ऑलमोस्ट' चालतं. 'ऑम्निप्रेझंट' देवासाठी किंवा भीतीसारख्या न दिसणाऱ्या गोष्टींसाठी जास्त शोभतो, तणाला जड होतो. तुम्हाला हवा तो वैताग 'द युबिक्विटस पार्थेनियम' असं नामाआधी लावलं की येतो. जोर 'बि'वर.

प्रतिसाद २:
मैत्रिणीला हे दाखवा. १९७५मध्ये एका प्रथिनाचं नाव याच शब्दावरून 'युबिक्विटिन' ठेवलं. ते प्राणी, वनस्पती, बुरशी यांच्या पेशींत असतं, पण जिवाणूंत सापडत नाही. नाव मात्र टिकलं. मूळ लॅटिन 'युबिक्वे', म्हणजे सर्वत्र. ब्रिटिश रॉयल इंजिनियर्सचं तेच बोधवाक्य, आणि आपल्या सैन्याच्या इंजिनियर कोअरचं 'सर्वत्र'. खडकीचे बॉम्बे सॅपर्स त्यातलेच.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार! प्रथिनाचं उदाहरण मैत्रिणीला लगेच पाठवते. शेवटचं एकच: आधी 'अ' की 'ॲन'?

प्रतिसाद १:
'अ'. लिहिताना सुरुवातीला 'यू' हा स्वर असला तरी उच्चार 'य'ने सुरू होतो, 'युनिव्हर्सिटी'सारखा. 'अ युबिक्विटस वीड'.